दाराचं मीटर

सकाळी चारशे बारा होतं आणि संध्याकाळी चारशे सदतीस. हरिचंद आडेने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत डोळ्यावर चढवला आणि परत पाहिलं. चारशे सदतीसच. आत मिना चहा टाकत होती, आल्याचा वास येत होता, पंखा फिरत होता, सगळं रोजच्यासारखं होतं. तो सकाळी बाहेर पडला तेव्हा दार एकदा उघडलं, आता आत आला तेव्हा एकदा. दोन झाले. मग उरलेल्या तेवीस वेळा हे दार कोणी उघडलं? त्याने पायातले बूट न काढता उभ्या उभ्याच विचारलं, "कुठं गेली व्हतीस का आज?" मिना आतूनच म्हणाली, "कुठं जाऊ? घरातच व्हते." तो बरं म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला. नाडीची गाठ काही केल्या सुटेना. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि तेवीस ही काही एवढी मोठी संख्या नव्हती. पण ती छातीत जाऊन बसली आणि चहा प्यायला तरी उठेना.

हिंगोलीतल्या त्या नव्या प्लॉटिंगमध्ये हरिचंदचं घर प्रसिद्ध होतं. लोक कौतुकाने म्हणत आणि थोडं चेष्टेनेही म्हणत, की आडेसाहेबांचं घर आपोआप चालतं. खोटं नव्हतं ते. दिवस मावळला की अंगणातला दिवा आपला आपण लागायचा आणि उजाडलं की विझायचा. वरची टाकी भरली की मोटार स्वतःहून बंद व्हायची. बाहेरगावाहून फोन केला आणि घंटी तीनदा वाजू देऊन ठेवून दिला, तर पुढच्या खोलीतला बल्ब लागायचा, म्हणजे चोराला वाटावं घरात माणूस आहे. या करामतीचं सामान त्याने विकत असं फारसं घेतलंच नव्हतं. तो टेलिफोन खात्यात मेकॅनिक. जुनं खडखडणारं एक्स्चेंज काढून टाकून नवं इलेक्ट्रॉनिक आलं तेव्हा जुने रिले, तारा, कळा यांचा ढिगारा भंगारात निघाला आणि त्यातलं बरंचसं रीतसर पावती करून हरिचंदच्या घरी आलं. लोकांना गाण्याचा नाद असतो, पत्त्यांचा असतो, याला हा नाद. रविवारी सकाळी हातात सोल्डरिंगची कांडी घेऊन बसला की दुपारच्या जेवणाला तीन हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. मिना म्हणायची, "तुमाला माणसाची हाक ऐकू येत न्हाई, मला पन एक घंटी बसवून द्या." तो हसायचा. त्यांचं तसं बरं चाललं होतं.

त्याच भंगारात ती मीटरंही होती. काड्यांच्या पेटीएवढा डबा, पुढे काचेची खिडकी, खिडकीत चार आकडे. जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या नावाने असं एक मीटर भिंतीवर असायचं. ग्राहकाने कॉल केला की टक. हजारभर मीटरांची ती भिंत दिवसभर टकटकत असायची, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तशी. "मीटर पडतं" असंच म्हणायचे सगळे. ही मीटरं मागे फिरत नसत. पुढेच जाणार, एकेक. हरिचंदने यातलं एक पुढच्या दाराला जोडलं. चौकटीवर काचेच्या नळीतला बारीकसा स्विच, दारावर जुन्या स्पीकरचा चुंबक. दार चौकटीपासून सुटलं की टक. काही कारण नव्हतं. एकुलती एक मुलगी निलम नांदेडला वसतिगृहात राहायला गेली होती, घर रिकामं रिकामं वाटत होतं आणि हाताला काहीतरी चाळा हवा होता. मिनाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घंटीचं हाय." का म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खरं सांगायला हरकत काहीच नव्हती, आणि तरी तोंडातून ते बाहेर पडलं. नंतर ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी एकोणतीस. एकोणतीस म्हणजे काय? पाहुणा एकदा येतो, एकदा जातो, फार तर दोन होतात. हरिचंद लुनावर बसून एक्स्चेंजला जाताना हिशेब मांडत राहिला. गॅसवाला, पोस्टमन, समोरच्या निर्मलाबाई, एखादी भाजीवाली. सगळ्यांना दोनदोन देऊन टाकले तरी आकडा पुरा होईना. आणि मिना तर म्हणते कोणी आलं नाही. खरं तर ती तसं म्हणालीच नव्हती, ती म्हणाली होती मी घरातच होते. हा फरक त्याला एक्स्चेंजच्या पायऱ्या चढताना कळला आणि तिथेच त्याचा पाय थबकला. घरात होते. घरात असणं वेगळं आणि घरात एकटी असणं वेगळं. आत यंत्रांच्या खोलीत गारवा होता. इथे यंत्रांसाठी एसी चोवीस तास चालायचा, लाईट गेली तरी बॅटऱ्या होत्या, बॅटऱ्या उतरल्या तर जनरेटर. बाहेर एप्रिलचं ऊन फुफाटा उडवत असताना हरिचंद इथे फुल बाह्यांचा स्वेटर घालून बसायचा आणि लोक त्यालाही हसायचे. सोबतचा रामप्रसाद डबा उघडत होता. रामप्रसाद गेले पंधरा दिवस जेवण झालं की तास-दीड तास गायब व्हायचा, पोटाचं कारण सांगायचा. हरिचंदने त्याच्याकडे पाहिलं. याचं वजन नव्वद किलो, याला चार पायऱ्या चढायच्या तरी धाप लागते. तरी त्याने विचारलंच, "दुपारी कुठं जाऊन राहिलास रे रोज?" रामप्रसाद घास तोंडात धरून म्हणाला, "घरी जाऊन पडतो ना. काहून?" काही नाही, हरिचंद म्हणाला. स्वतःची लाज वाटली त्याला. पण लाज वाटली म्हणून शंका कुठे जाते.

तो मेकॅनिक होता आणि मेकॅनिकला आधी यंत्रावर संशय घ्यायची शिकवण असते. शनिवारी संध्याकाळी त्याने दाराची सगळी जोडणी सुटी केली. स्विच बदलला. चुंबक घासून पुसून बसवला. जुना टाका वितळवून नवा घातला. उतरत आलेल्या बॅटरीने मीटर फसत असेल म्हणून त्याने मीटरची जुनी बॅटरी काढून दुसरी भरलेली जोडून दिली, आता लाईट असो वा नसो, मीटरचं काही बिघडणार नव्हतं. मग दार दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा लावलं. बरोबर दहा टक. मिना भाजी निवडता निवडता बघत होती. "घंटी काहून वाजंना मग?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काही होतं का? त्याला वाटलं, होतं. त्याने म्हटलं, "वाजंल." रविवारी तो घरीच होता. त्या दिवशी मीटर सात पडलं आणि त्या सातांचे सात त्याला ठाऊक होते, तो समोर बसूनच मोजत होता. सोमवारी तो कामावर गेला आणि बावीस पडले. म्हणजे दोष यंत्रात नाही. तो घरी असला की मीटर गप्प, तो गेला की बोलायला लागतं. एखादा दोष असा माणूस बघून येतो का? वीस वर्षांच्या नोकरीत त्याने असा दोष पाहिला नव्हता. आणि मग, त्याची इच्छा नसताना, त्याला चाँद पाशा आठवला.

बारा वर्षं झाली असतील. हरिचंदची हिंगोलीच्या आधीची नेमणूक, छोटं गाव, छोटं एक्स्चेंज, भिंतीवर दीडशे मीटरं. चाँद पाशाचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. माणूस तोंडाचा गोड. दुकानात फोन घेतला त्याला वर्ष झालं नसेल आणि एक दिवस तो एक्स्चेंजच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "हरिचंदभाई, मीटर काय कू इत्ता पड रा? मैं तो दिन में दो कॉल करता." हरिचंदने नोंद काढली. रोज दहा, पंधरा, कधी वीस. नियम असा की तक्रार आली की दुकानापर्यंत जायचं, वाटेतला खांबावरचा डबा उघडून तारा बघायच्या, मग नोंदवहीत लिहायचं. ज्येष्ठाचं ऊन होतं, खांबावर चढायची शिडी दुसऱ्या गावी गेली होती आणि हरिचंदचं लग्न होऊन सातच वर्षं झाली होती, जेवायला घरी जायची घाई असायची. त्याने एक्स्चेंजच्या आत बसल्या बसल्या लाईन तपासली, आत सगळं ठीक होतं, आणि वहीत लिहिलं, "जाऊन पाहणी केली. दोष नाही." मग चाँद पाशाला म्हणाला, "चाचा, मीटर झूठ नहीं बोलता. घर में पूछो." एवढंच. हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा, वरिष्ठांनी शिकवलेलं होतं. चाँद पाशाने मान हलवली आणि तो हळूहळू गेला. त्याच्या घरात आकडे फिरवता येणारं माणूस एकच होतं. मुन्नी, नववीत शिकणारी.

पुढचं हरिचंदला लोकांकडून कळलं. मुन्नीने कुराणावर हात ठेवून सांगितलं मी कोणाला फोन केला नाही, बाप म्हणाला मीटर खोटं बोलत नाही. फोनच्या चकतीत बसणारं एक छोटं कुलूप मिळायचं तेव्हा, ते पाशाने आणून लावलं, आणि मुन्नीची शाळा बंद झाली. पंधरा दिवसांनी, दुसऱ्याच कोणाच्या तक्रारीसाठी हरिचंद त्या खांबावर चढला. डबा उघडला तर आत मुंग्यांनी माती केलेली आणि दोन तारांचं वेष्टण खाऊन गेलेलं. पाशाची जोडी शेजारच्या अडत दुकानाच्या जोडीला चिकटून बसलेली होती. अडत्याने फोन उचलला की मीटर पाशाचं पडत होतं. त्याने तारा वेगळ्या केल्या, टेप गुंडाळली, डबा लावला. खांबावरून खाली उतरायला त्याला फार वेळ लागला. पुढच्या महिन्यात बिल कमी आल्यावर पाशा स्वतः येऊन त्याला दुकानात घेऊन गेला, हात धरून. "देखो हरिचंदभाई, ताला लगाया तो बराबर हुआ. आप सच बोले." चहा आला. चहा मुन्नीने आणला होता, डोक्यावर ओढणी, नजर बशीत. हरिचंदने तो चहा प्यायला. पूर्ण प्यायला. त्या चहात वेलदोडा जास्त झाला होता हे त्याला अजून आठवायचं, आणि वेलदोड्याचा चहा त्याने नंतर कधी घेतला नव्हता. मिनाला वाटायचं याला पित्त होतं.

ते वेगळं होतं, हरिचंद स्वतःला सांगायचा. तेव्हा तपासलं नव्हतं, आता तपासलंय. आता स्विच नवा आहे, टाका नवा आहे, बॅटरी भरलेली आहे. उलट त्या आठवणीनेच त्याचा संशय पक्का व्हायला लागला, हे मोठं विचित्र होतं. एकदा हातून चूक झालेली म्हणून या खेपेस त्याने काही सोडलं नव्हतं, आणि काही सोडलं नव्हतं म्हणून आता माणसाशिवाय काही उरलंच नव्हतं. त्याची नजर बदलली. घरात शिरला की आधी मीटर, मग कोपरे. पायरीवर पाण्याचा लोटा पालथा होता. कोणाला पाणी दिलं? पाट्यावरचा वरवंटा स्वयंपाकघरात नव्हता, पुढच्या खोलीत दाराआड पडलेला होता. मिक्सर आल्यापासून त्या वरवंट्याला कोणी हात लावला नव्हता, तो इथे चालत आला का? त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मिनाने सांगितलं असतं, आणि तिचं सांगणं ऐकायचं म्हणजे ते खरं की खोटं हे ठरवायचं आलं. त्यापेक्षा आकडा बरा. आकड्याचा चेहरा बघावा लागत नाही. मग गुरुवारी आणखी एक घडलं. साडेपाचला त्याची लुना गल्लीच्या कोपऱ्यावर वळली, फटफट आवाज करत, आणि त्याने ऐकलं, स्पष्ट ऐकलं, त्याच्या घराचं दार धाडकन लागलं. तो पोचला तेव्हा दार बंद होतं आणि मिना आतून कडी काढत होती, कपाळावर घाम, पदर कमरेला खोचलेला. "आज लौकर आले," ती म्हणाली. तो रोजच्याच वेळेला आला होता. मागच्या दाराला मीटर नव्हतं. तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, परसात कडुनिंबाची पानं हलत होती, तारेवर त्याचीच बनियनं वाळत होती. त्याला मिना आवडायची. ही गोष्ट एवढ्या वर्षांत मनाशीसुद्धा म्हणायची वेळ आली नव्हती, आणि आली ती अशी.

शुक्रवारी सकाळी त्याने विचारलं. ठरवून विचारलं नाही, मिना परातीत ज्वारीचं पीठ मळत होती, तो डब्यासाठी थांबला होता, आणि तोंडातून निघून गेलं. "दुपारी कोन येतं घरी?"

मिनाचा हात थांबला नाही. "कोन येनार?"

"ते मी इचारून राहिलो. काल एकोणीस पडले. परवा सव्वीस. मी गेल्यावर दार सव्वीस येळा उघडतं."

आता तिचा हात थांबला. तिने मान वर करून आधी त्याच्याकडे आणि मग पुढच्या खोलीतल्या भिंतीवरच्या त्या डबीकडे पाहिलं. निलम शाळेत जायला लागली तेव्हापासून दोघं घरात मराठीच बोलत असत, मुलीचं चांगलं व्हावं म्हणून. मिना जे बोलली ते मात्र दोघं ज्यात वाढले त्या तांड्याच्या बोलीत बोलली, तिच्या आईच्या आवाजात. ती म्हणाली, ते घंटीचं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, दारासोबत वाजतं ते, मी काय बहिरी आहे? वाटलं तुमचा खेळ आहे, खेळू द्यावं. माझ्यासाठी लावलं असेल असं नाही वाटलं. एवढं बोलून तिने भाकरी थापायला घेतली. डबा भरला, झाकण लावलं, फडक्यात बांधला आणि रोज देते तसा त्याच्या हातात दिला. कोण येतं याचं उत्तर तिने दिलं नव्हतं. वाटेत लुना चालवताना तो तेवढंच धरून बसला होता, उत्तर दिलं नाही.

यंत्रांच्या खोलीत त्या दिवशी त्याचं चित्त लागेना. गारठ्याने बोटं बधिर झाली होती. बाराला त्याने अर्ध्या रजेचा कागद दिला आणि निघाला. लुना त्याने एक्स्चेंजच्या शेडमध्येच राहू दिली. स्वतःशी म्हणाला की पेट्रोल कमी आहे. तो चालत गेला, बसस्टँडवरून, सेनगावच्या जीपगाड्या उभ्या असतात तिथून, मग नव्या प्लॉटिंगच्या कच्च्या रस्त्याने. ऊन असं होतं की डोळे उघडे ठेवणं कष्टाचं होतं. रसवंतीचं चाक थांबलेलं, झेरॉक्सवाला दुकानाबाहेर पुठ्ठ्याने वारा घेत बसलेला. लाईट गेली होती. अर्थातच गेली होती, बारा ते चार रोजच जायची, फक्त रविवारी जायची नाही, अख्ख्या जिल्ह्याला वेळापत्रक पाठ होतं. हरिचंदलाही पाठ होतं, पण एखादा नियम कागदावर पाठ असावा तसं. त्याच्या दुपारी लाईट कधी गेलीच नव्हती. गल्लीच्या कोपऱ्यावर तो थांबला. चोरासारखा, भिंतीच्या सावलीला धरून. त्या क्षणी त्याला कोणीतरी घरात असावं असंच वाटत होतं, हे पुढे कितीदा तरी त्याच्या मनात आलं आणि प्रत्येक वेळी त्याने ते झटकलं. कोणीतरी असतं तर तो खरा ठरला असता.

दार सताड उघडं होतं. दाराला अडण म्हणून वरवंटा लावलेला होता, पण वरवंटा गोल. मागच्या दाराने पश्चिमेची झळ घरात शिरायची आणि पुढच्या दाराने बाहेर पडायची. झुळूक आली की दार वरवंट्याला ढकलायचं, वरवंटा हातभर गडगडायचा आणि दार चौकटीला जाऊन हलकंच टेकायचं. मग पुन्हा झुळूक, दार पुन्हा सुटायचं. टक. इतका बारीक आवाज, की गल्लीतून ऐकू येणार नाही, पण हरिचंदला तो आला. मिना उंबऱ्याच्या आत फरशीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर आईच्या जुन्या घागऱ्याचा काठ होता, त्यातले गळलेले आरसे ती पुन्हा टाचत होती. शेजारी पाण्याचा लोटा. दार लागलं की पायाने ढकलायची, मान वर न करता. घरात कोणी नव्हतं. असं उघडं दार टाकून, उंबऱ्याशी बसून, त्याची आई जिवनबाईसुद्धा तांड्यात अख्खी दुपार काढायची. तांड्यात दिवसा दार लावतं कोण? दार लावलेलं दिसलं तर बायका चौकशीला यायच्या, घरात दुखणं आहे का, भांडण झालं का. कोंबड्या आत जायच्या, कुत्रं आत जायचं, वारा आत जायचा. तो स्वतः पंधरा वर्षं तसल्या घरात वाढला होता. इथे आल्यावर त्यानेच मिनाला शिकवलं, शहर आहे, दार लावून बसत जा, लोक बघतात. ती त्याच्यासमोर लावत होती. लुनाचा आवाज आला की उठून लावत होती.

आनंदाने त्याला रडू यायच्या बेतात होतं. तो पुढे झाला. मिनाने मान वर केली. ती दचकली नाही, उठली नाही. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"गाडी कुठंय?"

तो पायरीवर बसला. मग एकदम खूप बोलायला लागला. वारा आहे हा, म्हणाला, वाऱ्याने पडत होतं, वरवंटा गोल आहे ना, म्हणून अडत नव्हता, चौकोनी दगड पाहिजे, मी पण येडाच, सगळं तपासलं आणि वारा तपासला नाही. तो हसला. ती हसेल म्हणून थांबला. मिनाने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला.

"उकडतं," ती म्हणाली. "बारा वाजता पंखा बंद पडतो. त्या डबीला बॅटरी लावली तुमी. पंख्याला न्हाई लावली."

काहीतरी द्यायला पाहिजे म्हणून हरिचंदने तिला चाँद पाशाचं सांगितलं. बारा वर्षांत कोणाला न सांगितलेलं. खांब, शिडी, वहीत लिहिलेलं खोटं, मुंग्यांची माती, कुलूप, चहा. वेलदोडासुद्धा सांगितला. सांगताना त्याला हलकं वाटलं, निदान आता हिच्यापासून लपवलेलं काही राहिलं नाही. मिना टाचायचं थांबवून नीट ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "त्या पोरीला सांगितलं का हे?"

"न्हाई."

"तिच्या बापाला?"

"न्हाई. आता काय सांगू. लग्न होऊन गेलं आसंल तिचं. वारंगा गावाकडं दिली म्हणत व्हते."

"मग मला काहून सांगून राहिले?" मिना म्हणाली. रागाने नाही म्हणाली, खरंच विचारावं तसं विचारलं. मग काठाची घडी केली, सुई घडीत खोचली, वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आत नेला. परत येऊन म्हणाली, "आत या, दार लावते." आणि त्याच्यामागे तिने दार लावून घेतलं. टक झालं नाही, लावताना होत नसतं.

संध्याकाळी लाईट आल्यावर त्याने पेचकस घेतला आणि मीटर काढायला स्टुलावर चढला. मिनाने खालून सांगितलं, "ऱ्हाऊ द्या." तो म्हणाला, कशाला आता, झालं ते झालं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या म्हनलं ना. तुमाला तकलीफ व्हईल. उद्या मी काय बी सांगितलं तर कशावर ताडून पाहाल?" तो स्टुलावरून उतरला. हिला आपण काढूनच टाकलेलं आवडेल, दोन दिवसांत विसरेल, असं त्याने मनाशी म्हटलं आणि मीटर मात्र तिथेच राहिलं.

मंगळवारी तो साडेपाचला गल्लीत वळला तेव्हा मुद्दाम लुनाचा हॉर्न दाबला, दोनदा. कान देऊन ऐकलं. दार लागल्याचा आवाज आला नाही. दार आधीपासूनच लागलेलं होतं. त्याने कडी वाजवली, मिनाने उघडलं आणि आतून भट्टीसारखी झळ त्याच्या तोंडावर आली. मागचं दारही बंद होतं. पंख्याला लाईट येऊन दीड तास झाला होता तरी भिंती तापलेल्या होत्या. मिनाचा चेहरा लालबुंद झाला होता, केस मानेला चिकटले होते. उंबऱ्याशी काठ नव्हता, लोटा नव्हता. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर आडवा ठेवलेला दिसला, स्वच्छ धुतलेला. हरिचंदने मीटरकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने पाहिलं. सकाळी सहाशे अठ्ठ्याऐंशी होतं, आता सहाशे नव्वद. अख्ख्या दिवसात दार दोनदा उघडलं होतं आणि दोन्ही वेळा त्याच्यासाठी.

मिना चहाचा कप घेऊन आली, बशीसकट, नजर बशीत. कप त्याच्या हातात देताना तिने भिंतीकडे न बघता विचारलं, "आज बराबर पडलं ना?"